प्रेमकथा वाचून मुली बिघडतात का?

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



  अथर्वशीर्षाचा अर्थ, मधुमेहातील आहार, ज्येष्ठांच्या समस्या अशा विषयांच्या रांगेत माझा विषय काहींना थोडा थिल्लर वाटेल. परंतु तो आपल्या प्रत्येकाच्या घरातला आहे, म्हणून धाडस करते आहे.

मी बरीच वर्षे वाचनालयाचे काम पाहिले. या काळात दोन प्रकारची माणसे हमखास भेटत. एक, "काकू, काहीतरी हलकंफुलकं द्या ना" असे हळू आवाजात म्हणून घेतलेली कादंबरी भाजीच्या पिशवीत तळाशी ठेवणाऱ्या. दुसरी, "आमच्या मुलीला असलं काही देऊ नका हं, डोक्यात नाही ते भरतं" असे बजावून जाणारे पालक. गंमत म्हणजे पुष्कळदा ही दोन्ही माणसे एकाच घरातली असत! आता कपाटाची जागा मोबाइलने घेतली आहे. २०१४ साली सुरू झालेल्या प्रतिलिपीसारख्या ॲपवर मराठी प्रेमकथांचे भागांवर भाग येतात आणि मुली त्या रात्री उशिरापर्यंत वाचतात. पण पालकांचा प्रश्न तोच आहे. प्रेमकथा वाचून मुली बिघडतात का?

या प्रश्नाची मी चेष्टा करणार नाही. मुलीची काळजी वाटणे हा काही गुन्हा नाही. पण हा प्रश्न आपण किती वर्षे विचारत आलो आहोत, कोणाला विचारत आलो आहोत आणि त्याचे उत्तर काय मिळाले, हे एकदा नीट पाहू या.

सुरुवात आपल्या शेजारच्या विदर्भापासून करते. रायपुरातली निम्मी मराठी घरे माहेराने नाहीतर सासराने विदर्भाशी जोडलेली आहेत. त्या विदर्भाची राजकन्या रुक्मिणी. भावाने तिचे लग्न शिशुपालाशी ठरवले होते. तिने ते मनोमन नाकारले, न पाहिलेल्या श्रीकृष्णाला केवळ गुण ऐकून वरले, ब्राह्मणाच्या हाती पत्र पाठवले आणि देवीच्या दर्शनाला जाण्याच्या निमित्ताने ती रथात बसून निघून गेली. संत एकनाथांनी सोळाव्या शतकात काशीक्षेत्री या प्रसंगावर 'रुक्मिणी स्वयंवर' रचले. आणि महाराष्ट्रात प्रथा काय पडली? उपवर मुलीने लग्न जमण्यासाठी रुक्मिणी स्वयंवराचे पारायण करावे! म्हणजे घरच्यांचे न ऐकता मनासारखा नवरा मिळवणाऱ्या मुलीची कथा आपल्या आज्या-पणज्यांनी स्वतःच मुलींच्या हातात दिली. त्या वाचून किती मुली रथात बसून पळाल्या? बहुतेक जणींनी आईवडिलांनी पाहिलेल्या मुलाशीच लग्न केले. यात अध्यात्माचा भाग आहे, जीव-शिवाचे रूपक आहे, हे मान्य. तरीसुद्धा प्रेमकथा मुलींच्या हातात पडणे ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही, हे ध्यानात ठेवावे.

पुढे छापखाना आला आणि कादंबरी आली. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची. ती विधवांच्या दुःखाबद्दल होती. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची. या पुढच्या दोन अद्भुतरम्य, राजकुमार-राजकन्यांच्या. रिसबुडांनी प्रस्तावनेत फार प्रामाणिक अडचण मांडली आहे. तिचा भावार्थ असा, की आपल्या समाजातील लग्नाच्या चालीमुळे आणि इतर कारणांमुळे आपल्या रोजच्या जगण्यात रंजक असे काही घडतच नाही, तेव्हा वाचकाला गुंतवायचे तर अद्भुताकडेच वळावे लागते. विचार करा. आठव्या-दहाव्या वर्षी लग्न होणाऱ्या समाजात लेखकाने प्रेमकथा लिहायची तरी कोणाची? म्हणजे मराठीत लग्नाआधीचे प्रेम प्रत्यक्षात येण्याच्या आधी पुस्तकात आले. लोकांना धास्ती वाटली ती यामुळेच. जे घरात घडत नव्हते, ते मुलगी कागदावर पाहू लागली.

आणि खरे सांगायचे तर त्या काळी प्रेमकथाच काय, बाईच्या हातातले कुठलेही पुस्तक खुपत असे. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. न्यायमूर्तींच्या आग्रहाने त्या शिकत होत्या, तर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना किती टाकून बोलावे! तिथे काही गुलाबी कादंबरी नव्हती, अभ्यासाचे पुस्तक होते. तेव्हा पुस्तकात काय आहे एवढाच प्रश्न नव्हता. बाई कामाच्या वेळात एकटी बसून, आपल्याला न दिसणाऱ्या जगात जाते, ही खरी टोचणी होती.

१९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला, त्याच्या पुढच्या वर्षी 'हिंदोळ्यावर'. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनात काय चालते ते त्यांत होते. महाराष्ट्रात वादळ उठले. ही बाई कोण, याचा शोध सुरू झाला. त्या मालतीबाई बेडेकर हे पुढे सर्वांना कळले. ना. सी. फडके यांच्या नायक-नायिकांची तरुणाईवर मोहिनी होती तो हाच काळ. फडक्यांवरही टीका झाली, नाही असे नाही. पण ती कलेसाठी कला की जीवनासाठी कला, अशा वाङ्मयीन भाषेत झाली. विभावरीबाईंच्या वाट्याला आली ती थेट चारित्र्याची चर्चा. पुरुषाने प्रेम लिहिले तर तंत्राचा वाद आणि बाईने लिहिले तर संस्काराचा, हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. प्रेमकथा वाचून वाचक बिघडतो का, हा प्रश्न एका मराठी कादंबरीच्या निमित्ताने थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, हे आपल्याला ठाऊक आहे का?

१९६२ च्या दिवाळीत 'रंभा' या मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' छापून आली. निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया, असे कथानक. काकोडकर त्या काळचे अत्यंत लोकप्रिय लेखक. 'श्यामा' अश्लील आहे अशी तक्रार झाली आणि भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ खाली खटला उभा राहिला. खालच्या कोर्टाने आरोपींना निर्दोष सोडले. सरकार उच्च न्यायालयात गेले. तिथे लेखक आणि प्रकाशक दोषी ठरले, प्रत्येकी २५ रुपये दंड झाला. दंड किरकोळ, पण ठपका मोठा. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २५ ऑगस्ट १९६९ रोजी न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

त्या काळी अशा खटल्यांत कसोटी कोणती होती, पहा. इंग्लंडमध्ये १८६८ साली, म्हणजे आपली 'मंजुघोषा' आली त्याच वर्षी, हिक्लिन नावाच्या खटल्यात ती ठरली. ज्यांची मने अशा प्रभावाला बळी पडू शकतात, त्यांच्या हाती हे पुस्तक पडले तर ती भ्रष्ट होतील का, असा तो प्रश्न. म्हणजे सगळी कसोटी एका कल्पनेतल्या वाचकावर उभी. तो वाचक कोवळा, भोळा, वाऱ्याबरोबर हलणारा. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येही तीच कसोटी वापरली, पण शहाणपणाने वापरली. सुटे उतारे न पाहता संपूर्ण कथा पाहिली पाहिजे, काळ बदलतो आहे, आजच्या तरुणांच्या हातात प्रेमाचे वर्णन असलेले कितीतरी साहित्य आहे, आणि स्त्री-पुरुष संबंधांचा नुसता उल्लेख अश्लील मानला तर फक्त धार्मिक पुस्तकेच विकता येतील, असा न्यायालयाचा आशय होता. ही कथा वाङ्मय म्हणून फार उच्च दर्जाची नसेल, लेखकाची अपरिपक्वताही तीत दिसेल, पण ती तरुणांना भ्रष्ट करील असे त्यात काही नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

या निकालातले मला सर्वांत आवडते ते हेच. न्यायालयाने कादंबरीचे कौतुक केले नाही. साधारण दर्जाचे पुस्तकही निरुपद्रवी असू शकते, एवढेच सांगितले. आपण मात्र घरात 'दर्जा नाही' आणि 'वाईट परिणाम होतो' या दोन वाक्यांची सतत गल्लत करतो. पुढे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती हिक्लिनची कसोटीच बाजूला ठेवली, आणि २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. पण कल्पनेतला तो कोवळा वाचक आपल्या दिवाणखान्यातून अजून गेलेला नाही.

आणि योगायोग पहा. 'श्यामा' निर्दोष ठरली त्याच १९६९ साली राज खोसलांचा 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. एकत्र कुटुंब, वडीलधाऱ्यांचा मान, भावाभावांचे प्रेम, अशी ती गोष्ट. देशभर सहकुटुंब पाहिला गेला. तो कोणाच्या कादंबरीवर होता? याच चंद्रकांत काकोडकरांच्या 'नीलांबरी'वर! तेव्हा लेखकाच्या नावावरून वाचकाच्या बिघडण्याचा हिशेब मांडणे किती फसवे असते, ते दिसते.

आता प्रश्न असा, की ज्यांच्या बिघडण्याची एवढी चर्चा झाली, त्या वाचणाऱ्या बायकांना कोणी विचारले का? विचारले, पण फार उशिरा. जॅनिस रॅडवे या अमेरिकन विदुषीने एका छोट्या शहरात पुस्तकाच्या दुकानाभोवती जमलेल्या प्रेमकथांच्या वाचक स्त्रियांशी बोलून, त्यांच्याकडून प्रश्नावल्या भरून घेऊन १९८४ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. बहुतेक बायका संसारी होत्या. त्यांनी सांगितले ते ऐकून आपल्याला आपल्याच घराची आठवण येईल. दिवसभर आम्ही सगळ्यांचे करतो. पुस्तक हातात घेतले की तेवढा वेळ आमचा असतो. कथा खरी नसते हे त्यांना चांगले ठाऊक होते. नायक कसा आवडतो? शेवटी जो नायिकेची काळजी घेतो, तिला समजून घेतो, तो. जो वाटा घरात कमी पडतो, तो त्या पुस्तकात शोधत होत्या. रॅडवेबाईंनी दुसरी बाजूही मांडली. असे वाचून मन शांत होते, पण त्यामुळे घरातली असमानता बदलण्याची निकड कदाचित कमी होते. म्हणजे लोकांना भीती होती की कादंबरी वाचून बाई बंड करील, आणि अभ्यासकाला शंका आली ती नेमकी उलटी!

आपल्या देशातही असे काम झाले. राधिका परमेश्वरन यांनी हैदराबादमध्ये मिल्स अँड बून वाचणाऱ्या महाविद्यालयीन मुलींचा अभ्यास केला. इंग्रजी सुधारण्याचे कारण पुढे करून मुली ही पुस्तके वाचत आणि मैत्रिणींशी प्रेम, लग्न यांवर बोलत. घरात ज्या विषयावर बोलायचीच सोय नाही, त्याला पुस्तकामुळे वाट मिळत होती.

म्हणजे परिणाम काहीच होत नाही का? तसे मी म्हणणार नाही. ज्या पुस्तकाचा काहीच परिणाम होत नाही ते वाचायचे तरी कशाला? २००० साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थिनींविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मुली प्रेमकथा जास्त वाचत, त्यांचे संबंधांतील सुरक्षिततेच्या साधनांविषयीचे मत कमी अनुकूल आढळले. तेवढ्यावरून पुस्तकाला दोष देता येत नाही, कारण आधी काय आणि नंतर काय ते कळत नाही. पण त्यांनी पुढे एक प्रयोग केला. ज्या कथेत नायक-नायिका अशी काळजी घेतात ती कथा वाचायला दिली, तर मुलींचे मत अनुकूल झाले. याचा अर्थ नीट घेऊ या. कथा चारित्र्य बदलत नाही, पण 'असे वागणे सर्वसाधारण असते' ही समजूत घडवते. आणि समजूत घडवता येते तशी ती बोलून तपासताही येते.

म्हणून मला विचाराल तर आपण चुकीच्या पानावर बोट ठेवतो. चुंबनाचे वर्णन आले की आपण दचकतो. पण नायक तिच्या नकाराला होकार समजून मागे मागे फिरतो, संशय घेतो, मोबाइल तपासतो, आणि लेखक त्याला 'वेडं प्रेम' म्हणतो, त्या पानावर आपण दचकत नाही. आपल्या सोज्ज्वळ म्हणवणाऱ्या कौटुंबिक कादंबऱ्यांतली नायिका वर्षानुवर्षे सोसते आणि शेवटी सोसण्याचेच कौतुक होते. ते पुस्तक आपण मुलीला वाढदिवसाला भेट देतो. सोसणे म्हणजेच प्रेम, ही समजूत एखाद्या शृंगारिक परिच्छेदापेक्षा मुलीचे जास्त नुकसान करते, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि हे केवळ मुलींचे नाही. आमच्या नोंदवहीत बाबा कदमांच्या कादंबऱ्या नेणाऱ्यांत पुरुषांची नावे अधिक असत. स्टेशनवरच्या स्टॉलवरून गुलशन नंदा विकत घेणारे तरी कोण होते? तरीही 'मुले बिघडतात का' असे व्याख्यान कोणी ठेवत नाही.

आता थोडे आपल्याविषयी, रायपूरकर मराठी माणसांविषयी. कोणी भोसल्यांच्या काळात आले, कोणी जुन्या मध्य प्रांताच्या कचेऱ्यांत, कोणी रेल्वेत, कोणी भिलाईच्या कारखान्यामुळे. आपल्या माणसांनी या भूमीला पुष्कळ दिले. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' सुरू केले, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत आणले. पण घरातली मराठी कोणी टिकवली? लग्न होऊन इथे आलेल्या बायकांनी. शेजारणींशी हिंदी, बाजारात छत्तीसगढी, मुलांचा अभ्यास हिंदी नाहीतर इंग्रजीत. मग मराठी अक्षर डोळ्यांखालून जायचे ते कुठे? दिवाळी अंकात आणि वाचनालयातल्या कादंबरीत. योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, स्नेहलता दसनूरकर, कुसुम अभ्यंकर, सुमती क्षेत्रमाडे यांची पुस्तके. समीक्षकांनी यांची दखल फारशी घेतली नाही. परंतु यांतल्या अभ्यंकर आणि क्षेत्रमाडे या व्यवसायाने डॉक्टर होत्या, आणि अभ्यंकर तर रत्नागिरीच्या आमदारही होत्या. बायकांची सुखदुःखे त्यांनी दवाखान्यात बसून ऐकली होती. त्यांच्या पुस्तकांची पाने हाताळून हाताळून मऊ पडली, शिवण सुटली, पुन्हा बांधली गेली. ज्ञानेश्वरी आमच्या कपाटात आदराने राहिली. कपाटाचे दार रोज उघडायला लावले ते या कादंबऱ्यांनी.

आज आपली नातवंडे मराठी बोलतात, पण वाचत नाहीत. अशा वेळी एखादी नात मोबाइलवर का होईना, मराठी प्रेमकथा वाचत असेल, तर मी तरी तो मोबाइल ओढून घेणार नाही. ज्या वाटेने ती भाषेत आली आहे, त्याच वाटेने ती उद्या आणखी पुढे जाईल. 'पण लक्षात कोण घेतो' हीसुद्धा १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः आलेली, पुढच्या अंकाची वाट पाहायला लावणारी कथाच होती!

मग करायचे काय? मला तीन साध्या गोष्टी सुचतात. पहिली, मुलगी जे वाचते ते आपणही वाचावे. दुसरी, 'असलं काय वाचतेस' याऐवजी 'तो तिच्याशी असं वागला, ते तुला पटलं का?' असे विचारावे. या एका प्रश्नाने जे साधेल ते शंभर बंधनांनी साधणार नाही. आणि उत्तर आपल्याला आवडले नाही तरी ऐकून घ्यावे, नाहीतर ती पुढच्या वेळी सांगणार नाही. तिसरी गोष्ट मुलग्यांसाठी. त्यांच्याही हातात अशी एखादी कथा द्यावी आणि हाच प्रश्न त्यांनाही विचारावा.

शेवटी, हा गणरायाचा उत्सव आहे. महाभारत लिहून घेताना गणपतीने व्यासांना अट घातली, की लेखणी थांबणार नाही असे सांगत राहा. व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ समजल्यावाचून लिहू नका. नल-दमयंती आणि सावित्री-सत्यवान या कथाही त्या लेखणीखालून गेल्या. गणरायाने त्यांतली कुठली वगळली असे कोणी सांगत नाही. आपणही मुलांना तेवढीच अट घालू या. वाच, पण अर्थ समजून वाच. आणि अर्थ लावताना सोबतीला कोणी हवे असेल, तर आम्ही घरातच आहोत.

 गणपती बाप्पा मोरया!